मी बी न्हाई

श्रावणातली संध्याकाळ होती. लाइट गेलेली. ओसरीवर बॅटरीच्या उजेडात माझी नात आणि शेजारच्या बापूची नात अभ्यास करीत बसल्या होत्या. दोघी आठवीला, एकाच वर्गात. मी बाजेवर पडून त्यांचं बोलणं ऐकत होतो.

त्यांच्या सरांनी दहा वाक्यं दिली होती. एक जण म्हणतो, मी अमुक करणार नाही. दुसऱ्यानं त्याच्या सुरात सूर मिळवायचा, इंग्रजीत. माझ्या नातीनं पहिलं वाक्य वाचलं, "आय विल नॉट गो टु द मार्केट टुमॉरो." उद्या मी बाजाराला जाणार नाही. बापूची नात लगेच म्हणाली, "मी टू."

माझ्यानं राहवलं नाही. म्हणलं, "पोरी, नकाराला मी टू चालत न्हाई. नायदर शॅल आय म्हणावं."

रेड्यानं वेद बोलावेत आणि लोकांनी बघावं, तशा दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. माझं शिक्षण दहावी, तेही थर्ड क्लास. सोसायटीच्या कागदावर सही मराठीत करणारा माणूस. नातीला खरंच वाटेना. तिनं पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाली, "आबा, नायदर बरोबर हाये. पण शॅल आता कुणी म्हणत न्हाई. विल म्हणतेत."

"आमच्या सरांनी शॅल शिकवलं व्हतं."

"कव्हा?"

"पंच्याहत्तर साली."

दोघी खो खो हसल्या. मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. माझं बाकीचं इंग्रजी कधीच गळून गेलं. हे एक वाक्य तेवढं पन्नास वर्षं राहिलं, आणि ते राहायचं कारण व्याकरण नाही.

आमचं गाव धारूरपासून तीन कोसांवर, बालाघाटाच्या डोंगरात. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून मी आणि बापू रोज धारूरला पायी जायचो. बापू माझा चुलतभाऊ, दोन महिन्यांनी धाकटा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा १९७५ च्या मार्चमध्ये झाली, आणि आम्ही १९७६ च्या. म्हणजे दहावीवाल्यांची आमची दुसरीच खेप.

इंग्रजीचे सर धोतर नेसायचे. त्यांच्याकडं तर्खडकरांची भाषांतरमाला होती, पानं सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. पण शिकवताना पुस्तक बाजूला ठेवायचे. दोन पोरं उभी करायचे आणि त्यांच्याकडून वाक्यं बोलून घ्यायचे. माझा आणि बापूचा बाक एकच, म्हणून बहुतेक आम्हीच उभे असायचो.

सर म्हणायचे, "पहिला म्हणाला, आय शॅल नॉट गो. दुसऱ्याला तेच म्हणायचंय. त्याला दोन वाटा. पहिली वाट, आय शॅल नॉट गो आयदर. इथं सगळं जागच्या जागी, फक्त शेवटी आयदर जोडला. दुसरी वाट, नायदर शॅल आय. इथं नायदर पुढं आला, त्याच्या मागं शॅल पळत आला, आणि आय बिचारा शेवटी."

आम्ही चुका करायचो. कुणी म्हणायचं, नायदर आय शॅल. कुणी म्हणायचं, नायदर शॅल नॉट आय. तेव्हा सर म्हणायचे, "अरे, नायदरच्या पोटातच नॉट आहे. जेवलेल्या माणसाला पुन्हा ताट कशाला वाढतोस?" आणि बोट उचलून सांगायचे, "पहिल्यानं जे मदतनीस क्रियापद वापरलं तेच दुसऱ्यानं धरायचं. तो कॅन म्हणाला तर कॅन, डू म्हणाला तर डू." त्यात एकच गोम होती, शॅलची आणि विलची.

सरांचा नियम असा. आय आणि वुई यांना साधा भविष्यकाळ सांगायचा तर शॅल. बाकीच्यांना विल. पण आयला मुद्दाम विल लावलं, तर तो नुसता भविष्यकाळ राहत नाही, तो निर्धार होतो. आय शॅल नॉट गो म्हणजे माझं जाणं होणार नाही. आय विल नॉट गो म्हणजे काही झालं तरी मी जाणार नाही. सर एक गोष्ट सांगायचे. एक परदेशी माणूस नदीत पडला. घाबरून त्यानं शॅलच्या जागी विल आणि विलच्या जागी शॅल लावून आरडाओरडा केला. काठावरच्यांना वाटलं, याला मरायचंच आहे आणि यानं आपल्याला वाचवायला मनाई केली आहे. कुणी उडी टाकली नाही. आम्ही पोटभर हसायचो. बुडणाऱ्याचं व्याकरण बघत काठावर उभं राहणारी माणसं असतात, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

त्या साली पोळ्याला मुकादम गावात आला. ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम हंगामाआधी पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून कारखान्याला जायचं आणि पाडव्याच्या आसपास परतायचं. मोजणी माणसांची नसते, कोयत्याची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी विचारत नाही.

बापूच्या बापानं, माझ्या चुलत्यानं, पोळ्याला पूर्ण कोयत्याची उचल घेतली. महिन्याभरानं बापूची माय गोठ्यात घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. पैसे तोवर खर्च झाले होते. आता कोयता पूर्ण करायला घरात माणूस एकच होतं.

आमच्या घरी उचल नव्हती. त्याचं कारण विहीर. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जायचं, लाल मिलो आणि सुकडी खायचं. तेव्हा माझ्या बापानं दिवसभर खडी फोडून रात्री चांदण्यात विहीर खोदली. सात परसावर पाणी लागलं. ते पाणी संक्रांतीपर्यंत पुरायचं. एवढ्यावर आमचं घर गावात राहिलं. चुलत्याच्या वाटणीला माळ आला होता. त्यात खोदूनही काही लागलं नसतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही दोघं त्या विहिरीच्या काठावर बसलो होतो. बापू काही बोलत नव्हता. त्याला धीर द्यावा म्हणून असेल, का इंग्रजी येतंय याचा तोरा म्हणून असेल, मी मोठ्यानं म्हणलो, "आय शॅल नॉट कट केन." मी ऊस तोडणार नाही.

बापूनं माझ्याकडं बघितलं. मग वर्गात उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नायदर शॅल आय."

आम्ही विहिरीत तोंड घालून दोन्ही वाक्यं पुन्हा ओरडलो. आवाज घुमून वर आला. घरी जाताना बापू खुशीत होता. आपण काहीतरी ठरवलं, असं त्याला वाटलं.

दिवाळीनंतर पाच दिवसांनी नगर जिल्ह्याकडं गाड्या निघाल्या. गाडीत पीठ, भांडी, कोंबड्या, वर लेकरं. बापू गाडीमागं चालत होता. पुस्तकांचं गाठोडं त्यानं धोपटीत बांधलं होतं. मी वेशीपर्यंत गेलो. तो काही म्हणाला नाही, मीही नाही.

परीक्षेच्या आधी आठ दिवस तो एकटाच एसटीनं परत आला. हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा होत्या. पेन धरलं की अंगठा ठणकायचा. पेपर त्यानं सगळे दिले. निकाल पेपरात नंबरांनी यायचा. माझा नंबर थर्ड क्लासात होता. बापूचा कुठंच नव्हता. गुणपत्रिका आली तेव्हा कळलं, बाकी सगळ्यात पास, इंग्रजी तेवढं गेलं होतं. मी विचारलं, "कसं काय रं?" तो म्हणाला, "मला नायदर शॅल आय येवढंच येत व्हतं. त्ये इचारलंच न्हाई."

पुढच्या दिवाळीला तो पुन्हा गेला. मग लग्न झालं, स्वतःचा कोयता झाला. त्यानं पस्तीस हंगाम केले. मीही पुढं शिकलो नाही, शेतीच धरली, पण गावात राहिलो.

त्या दोन वाक्यांचा मी पुढं फार विचार केला. औतामागं चालताना माणसाला दुसरं काम काय असतं. नायदर शॅल आय या वाक्यात ऊस नाही, तोडणं नाही. नीट बघितलं तर त्यात कामाचं क्रियापदच नाही. कट हा शब्द माझ्या वाक्यात होता. बापूनं तो माझ्याकडून उसना घेतला होता. इंग्रजी भाषा तशी मुभा देते. मराठीतही तसंच. एक म्हणतो, मी जाणार नाही. दुसरा म्हणतो, मी बी न्हाई. एवढा 'बी' जोडला की काम झालं. बोलायला सोयीचं आहे. पण पहिलं वाक्य पुसलं तर दुसऱ्याला अर्थच उरत नाही.

आणि माझं पहिलं वाक्य तरी माझं कुठं होतं? ते विहिरीचं होतं. मला ऊस तोडायला कुणी बोलावलंच नव्हतं. ज्याला जायचंच नाही त्यानं जाणार नाही म्हणायला काय लागतं? ज्याला जायचं होतं त्यानं माझ्या भरवशावर आपला नकार जोडला. मला विहिरीनं तारलं. त्याच्या नकाराखाली काहीच नव्हतं.

आपल्या मराठीतली एक गंमत मला फार उशिरा कळली. 'मी जाईन' हे भविष्य झालं. त्याचा नकार काय? 'मी जाईन नाही' असं कुणी म्हणत नाही. जाईनला आपला नकारच नाही. तिथं आपण 'जाणार नाही' म्हणतो, नाहीतर 'जायचो नाही' म्हणतो. दोन्हींत फरक आहे. 'यंदा पाऊस यायचा नाही' यात नुसता अंदाज आहे. 'मी त्याच्या दारात जाणार नाही' यात हट्ट आहे. सरांचं शॅल आणि विल आमच्या बोलण्यात होतंच, फक्त कुणी नियम करून सांगितलं नव्हतं.

२०१५ साली माझी विहीर पहिल्यांदा तळाला गेली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती खेप याच दुष्काळातली, २०१६ च्या एप्रिलमधली. आम्ही आधीच बोअर घेतला होता, कर्ज काढून, तो फुफाटा टाकून बंद पडला. दसऱ्याच्या आधी माझ्या पोरानं मला न विचारता उचल घेतली. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? पोरगा, सून आणि चार वर्षांची ही नात असे तिघं निघाले. आता बैलगाड्यांची रांग नव्हती, ट्रक होता.

ट्रक गेल्यावर मी पारावर बसलो होतो. बापू आला. त्याची कंबर तोवर कामातून गेली होती, काठी घेऊन चालायचा. शेजारी बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मीच म्हणलो, "बापू, म्या म्हणलो व्हतो, आय शॅल नॉट."

बापू म्हणाला, "आरं, तू शॅल म्हणला व्हतास. विल म्हणला असतास तर गोष्ट येगळी."

मला वाटलं होतं तो सगळं विसरला असेल. त्याला शॅल आणि विलमधला फरकसुद्धा पाठ होता. इंग्रजीत नापास झालेल्या माणसाला. तो हसत होता म्हणून मीही हसलो. पण माझ्या घरचं माणूस जाईपर्यंत मी त्याला चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, की त्या दिवशी गाडीमागं चालताना तुला कसं वाटलं. तेही विचारलं नाहीच. बसून राहिलो.

पोरगा दोन हंगाम करून आला. नंतर पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आलं. नातीला त्या कोपीतलं थोडंसंच आठवतं. चुलीचा धूर आणि रात्री भरायला आलेल्या ट्रॅक्टरचे दिवे, एवढंच सांगते.

आता परत त्या श्रावणातल्या संध्याकाळीकडं येतो. शॅलचा निकाल तिच्या सरांनी लावला. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या आबांचं चूक नाही, पण ते जुनं आहे. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या इंग्रजानं १६५३ साली व्याकरणात लिहून ठेवला. तो मुळात गणिती. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्हही त्यानंच आणलं. आता बोलण्यात आयला बहुतेक विलच लावतात. नातीनं मला हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आजच्या पोरींना साधा भविष्यकाळ आणि निर्धार यांना शब्द एकच आहे. 'आय विल नॉट' एवढं म्हणलं की पुरे.

पण वहीतलं सहावं वाक्य मला टोचलं. माझ्या नातीनं ते स्वतःच्या मनानं केलं होतं. "आय विल नॉट लीव्ह स्कूल." मी शाळा सोडणार नाही. खाली बापूच्या नातीच्या अक्षरात उत्तर होतं, "नायदर विल आय." व्याकरण एकदम बरोबर. नायदर पुढं, विल मागं, आय शेवटी. सरांनी शंभरपैकी शंभर दिले असते.

मला माहीत होतं, पोळ्याला बापूच्या पोरानं उचल घेतलेली आहे. हेही माहीत होतं, की धाकटं लेकरू सांभाळायला पोरीला सोबत न्यायचं घरात ठरलेलं आहे. शाळेत हंगामी वसतिगृहाचं बोलणं व्हायचं. पण पोरगी मोठी झाली, परक्यात ठेवायला तिच्या मायचा जीव होत नव्हता. आठवीतून दिवाळीला गेलेली पोरगी पाडव्याला परत येऊन पुन्हा बाकावर बसलेली आमच्या गावात मी फार बघितली नाही. पुढच्या साली तिचं लग्नच असतं.

मी तिला म्हणलं, "पोरी, दुसऱ्या वाटेनं लिही बरं. आयदरवालं."

तिनं लिहिलं, "आय विल नॉट लीव्ह स्कूल आयदर."

"आता वाच. कसं वाटतंय?"

ती म्हणाली, "लांब झालं, बाबा. अर्थ तर एकच हाये."

"लांब झालं, पण त्यात शाळा आली. तुझी तू म्हणलीस. हिचं वाक्य पुसलं तरी तुझं राहतंय."

तिला किती कळलं, मला माहीत नाही. माझ्या नातीला वाटलं, आबा पुन्हा जुनं काहीतरी काढायलेत.

पण नुसतं वाक्य बदलून काही होत नाही, हे मला पन्नास वर्षांपूर्वीच कळायला पाहिजे होतं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी बापूकडं गेलो. त्याचा पोरगा आणि सून दोघं घरीच होती. मी म्हणलं, "पोरगी आमच्याकडं राहील. पाडव्यापर्यंत. माझ्या नातीसंगं निजंल, तिच्यासंगं शाळेत जाईल. धाकट्याला बी ठिवायचं तर ठिवा. माझी सून हाये, मी हाये."

पोरगा खाली बघत म्हणाला, "काका, तुमाला तरास कशाला?"

सून उंबऱ्यातून म्हणाली, "धाकटं मायशिवाय राहायचं न्हाई. पर पोरगी राहील." मग थोडं थांबून म्हणाली, "मला बी तेच पाहिजे व्हतं. म्हणावं कुणाला?"

बापू बाजेवर होता. काही बोलला नाही. मी उठताना त्यानं काठीनं माझा पाय अडवला आणि म्हणाला, "हिरीला पानी हाये का?"

"हाये," म्हणलं, "संक्रांतीपातुर."

"मंग बस झालं," तो म्हणाला.

दिवाळीनंतर ट्रक गेला. पोरगी वेशीपर्यंत जाऊन आई-बापाला निरोप देऊन आली. दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दप्तर घेऊन माझ्या नातीबरोबर निघाली. त्या डोंगराच्या वळणाला दिसेनाशा होईपर्यंत मी ओसरीत उभा होतो. मग विहिरीवर जाऊन पाणी किती उतरलं ते बघून आलो.